सात आसनी एसयूव्हीची टेस्ट ड्राइव्ह: भरलेल्या गाडीची तपासणी, टप्प्याटप्प्याने

घरात मोठी गाडी घ्यायचं ठरतं. जो चालवणार तो शोरूममध्ये स्टिअरिंगवर बसतो, शेजारी सेल्समन, मागे फार तर बायको. शोरूमभोवती सपाट रस्त्यावर दोन-तीन किलोमीटरची फेरी होते. पिकअप छान आहे, एसी गार आहे, स्क्रीन मोठी आहे, आणि तेवढ्यावर वीस-पंचवीस लाखांचा निर्णय होतो. मग मे महिन्यात सात माणसं आणि बॅगा घेऊन कोकणात उतरायची वेळ आली की कळतं, आईला तिसऱ्या रांगेत शिरताच येत नाही, बॅगांना जागा नाही आणि चढावर गाडी जड झाली आहे.

सात आसनी गाडी घेतात ती भरायला, तेव्हा ती भरूनच तपासायला हवी. पुढचे सगळे टप्पे या एका गोष्टीसाठी आहेत. क्रम बदलू नका. बहुतेकांचं चुकतं ते गाडीच्या निवडीआधी, क्रमातच: आधी गाडी आवडते, मग तिच्या बाजूने कारणं शोधली जातात.

## टप्पा १: शोरूमला फोन करण्याआधी घरी मोजमाप

मोजपट्टी घेऊन स्वतःच्या पार्किंगमध्ये जा. खांबापासून खांबापर्यंतची रुंदी, मागच्या भिंतीपर्यंतची लांबी आणि फाटकाची रुंदी लिहून घ्या. स्विफ्ट ३८६० मिलिमीटर लांब आहे, फॉर्च्युनर ४७९५. म्हणजे फरक तीन फुटांहून थोडा जास्तच. लांबी मात्र सगळ्यांच्या लक्षात येते, घात रुंदी करते. टाटा सफारी १९२२ मिलिमीटर रुंद आहे, स्कॉर्पिओ-एन १९१७, इनोव्हा हायक्रॉस १८५० आणि फॉर्च्युनर १८५५. रस्त्यावर सर्वांत अवाढव्य वाटणारी फॉर्च्युनर या आकड्यांत सफारीपेक्षा अरुंद आहे. नजरेच्या अंदाजावर जाऊ नका.

या रुंदीत बाजूचे आरसे धरलेले नसतात. शिवाय दार उघडून माणूस बाहेर पडायला निदान एका बाजूला दोन फूट मोकळे लागतात. शेजारची गाडी लावलेली असताना मोजा, ती बाहेर गेलेली असताना नको.

मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमध्ये यांत्रिक पार्किंग असेल तर यंत्रावर पट्टी लावलेली असते. त्यावर गाडीची कमाल लांबी, रुंदी, उंची आणि वजन दिलेलं असतं. त्या पट्टीचा फोटो काढून ठेवा. उंचीत बसणारी गाडी वजनात नापास होऊ शकते. आपल्याला मिळालेला मजला मोठ्या गाडीचा आहे का, हे सोसायटीच्या कमिटीकडून आधीच विचारून घ्या. बुकिंगनंतर हा प्रश्न निघाला तर त्याला उत्तर नसतं.

आता माणसांची यादी करा. कोण कुठे बसणार, नावानिशी. सातही जागा वर्षातून किती वेळा भरतील, याचं प्रामाणिक उत्तर लिहा. दर शनिवार-रविवारी आजी-आजोबा सोबत असणारं घर आणि फक्त गणपतीला गावी जाताना सातजण होणारं घर, या दोघांची गाडी एक असायचं कारण नाही.

तिसरं मोजमाप वजनाचं. सात मोठी माणसं सरासरी ६५ किलोची धरली तर ४५५ किलो होतात. त्यात ६० किलो सामान घाला, ५१५ किलो. माणसं आणि सामान धरून गाडीचं एकूण अनुमत वजन किती, हे कंपनीने ठरवलेलं असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की ती किती भार नेऊ शकते ते कळतं. यादीतल्या प्रत्येक गाडीसाठी ही वजाबाकी करा. सेल्समनला हा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही, त्यामुळे उत्तर यायला एखादा दिवस लागेल. लागू द्या.

तपासा: पार्किंगची तीन मापं, माणसांची यादी आणि भाराचा आकडा कागदावर आल्याशिवाय पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## टप्पा २: यादी तीन गाड्यांवर आणा

सहा-सात गाड्यांची टेस्ट ड्राइव्ह घेणाऱ्याला शेवटी एकही नीट आठवत नाही. तीन पुरेत. त्यापैकी एक तरी वेगळ्या बांधणीची असू द्या, म्हणजे फरक अंगाला जाणवेल.

बांधणी दोन प्रकारची. स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर, इनोव्हा क्रिस्टा यांची बॉडी वेगळ्या मजबूत चासीवर बसवलेली असते. सफारी, एक्सयूव्ही७००, अल्काझार, हेक्टर प्लस, मेरिडियन, हायक्रॉस यांची बॉडी आणि चासी एकसंध असते. पहिल्या प्रकारच्या गाड्या वाईट रस्त्यावर वर्षानुवर्षं टिकतात, पण वळणावर जास्त कलतात आणि रिकाम्या असताना मागची रांग उसळते. दुसऱ्या प्रकारच्या गाड्या हायवेवर स्थिर आणि वळणावर आटोपशीर असतात.

गाडी कोणती चाकं ओढतात हेही बघा. सफारी आणि हायक्रॉसची पुढची चाकं गाडी ओढतात. स्कॉर्पिओ-एन, क्रिस्टा आणि फॉर्च्युनर यांच्या साध्या टू-व्हील ड्राइव्ह गाड्यांत हे काम मागची चाकं करतात. गाडी भरलेली आहे, चढ उभा आहे आणि रस्ता ओला आहे, अशा वेळी वजन मागे सरकतं आणि पुढची चाकं जागेवर फिरू लागतात. ज्यांचं गावचं घर कोकणातल्या एखाद्या उभ्या चढावर आहे, त्यांनी याकडे दुर्लक्ष करू नये.

इंधनाचा निर्णय रोजच्या वापरावर घ्या. बीएस-६ डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळायला गाडीला काही वेळ सलग, बऱ्यापैकी वेगात धावावं लागतं. रोज शाळा, भाजी, ऑफिस अशा चार-चार किलोमीटरच्या फेऱ्या आणि महिनोन्महिने हायवे नाही, असा वापर असेल तर फिल्टर तुंबतो आणि सर्व्हिस सेंटरच्या चकरा सुरू होतात. अशा घराने पेट्रोल किंवा हायब्रिड बघावी. ज्यांचं दर आठवड्याला पुणे-कोल्हापूर किंवा नाशिक-मुंबई होतं, त्यांना डिझेल अजूनही शोभतं.

ॲव्हरेजचं अवडंबर नको. वर्षाला १५ हजार किलोमीटर धरा. लिटरला १२ देणारी गाडी १२५० लिटर पिते, १५ देणारी १००० लिटर. लिटरला शंभर रुपये धरले तर वर्षाचा फरक २५ हजार. एवढ्यासाठी आईला चढता न येणारी गाडी घेऊ नये.

सुरक्षेचे तारे बघताना ते नेमक्या कोणत्या व्हेरिएंटला मिळालेत आणि चाचणी कधी झाली, ते वाचा. भारत एनकॅप ही गाडी धडकवून बघण्याची आपल्याकडची चाचणी २०२३ मध्ये सुरू झाली. त्याआधीचे निकाल ग्लोबल एनकॅपचे आहेत. तारे सारखे असले तरी तुम्ही घेणार त्या व्हेरिएंटमध्ये एअरबॅग किती, पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत पोचते का आणि तिथल्या प्रत्येक सीटला तीन बिंदूंचा बेल्ट आहे का, हे वेगळं विचारावं लागतं.

## टप्पा ३: वेळ आणि डेमो गाडी ठरवणे

शनिवार-रविवारी जाऊ नका. तुमच्यामागे चार जण थांबलेले असतात आणि फेरी दहा मिनिटांत उरकली जाते. मंगळवार-बुधवारची सकाळी अकराची वेळ मागा. गुढीपाडवा, दसरा आणि दिवाळी पाडव्याआधीच्या आठवड्यात तर शोरूममध्ये नीट बोलायलाही कुणाला फुरसत नसते. उलट पितृपंधरवड्यात शोरूम ओस पडलेली असतात. त्या दिवसांत गाडी घ्यायची नसेल तर घेऊ नका, पण टेस्ट ड्राइव्ह घ्यायला वर्षातला तो सर्वांत चांगला पंधरवडा आहे. दसऱ्याचा मुहूर्त गाठायचा असेल तरी तपासणी तोवर पूर्ण झालेली असते.

फोनवर या गोष्टी स्पष्ट ठरवा:

- इंजिन आणि गिअरबॉक्स तुम्ही घेणार तेच हवेत. डिझेल ऑटोमॅटिक घेणार असाल तर पेट्रोल मॅन्युअलची फेरी निरुपयोगी आहे.
- डेमो गाडी बहुधा सर्वांत वरच्या व्हेरिएंटची असते. तिचे टायर मोठे, सीट वेगळ्या, साउंड वेगळा. तुमच्या व्हेरिएंटमध्ये काय काय नसेल, याची यादी आधीच मागा.
- मधल्या रांगेत सलग बाकडं आहे की दोन सुट्या सीट (कॅप्टन सीट), हे विचारा. तुम्हाला सात जागा हव्यात आणि डेमो सहा जागांचा असेल तर तिसऱ्या रांगेत शिरण्याचा अनुभव पूर्ण वेगळा येतो.
- घरची पाच-सहा माणसं येणार आहेत, निदान पाऊण तास लागेल आणि रस्ता आम्ही ठरवू, हे सांगून टाका.

शेवटच्या मुद्द्यावर काही शोरूम कुरकुर करतात. तेव्हा दुसऱ्या शोरूमला फोन करा. शहरात एकाच कंपनीचे दोन-तीन विक्रेते असतात आणि त्यांच्यात चढाओढ असते.

सावध: मूळ लायसन्स किंवा डिजिलॉकरमधलं लायसन्स जवळ ठेवा. डेमो गाडीचा विमा आणि पीयूसी चालू आहे ना, हे निघण्याआधी विचारा. धडक झाली तर खर्च कुणाचा, हे शोरूमच्या फॉर्मवर लिहिलेलं असतं. सही करण्याआधी तो वाचा.

## टप्पा ४: उभी गाडी, आणि सुरुवात मागून

स्टिअरिंगवर बसायची घाई इथे रोखायची. पहिली वीस मिनिटं गाडी उभीच असेल.

आधी टायरमधली हवा. चालकाच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो. त्यावर कमी माणसं असतानाची आणि भरलेल्या गाडीची हवा वेगवेगळी दिलेली असते. डेमो गाडीत बऱ्याचदा हवा कमी-जास्त असते. कमी हवेवर खड्डे मऊ लागतात, जास्त हवेवर चांगली गाडीही आदळते. तीन गाड्यांची तुलना करायची तर तिन्हींची हवा आपापल्या स्टिकरप्रमाणे हवी. या एका गोष्टीमुळे लोकांचे निष्कर्ष सपशेल उलटे होतात. मोठ्या गाड्यांच्या स्क्रीनवर बहुधा हवेचा आकडा दिसतो, तिथे बघा.

मग डिकी. घरून खऱ्या बॅगा न्या: एक मोठी ट्रॉली, दोन लहान, एखादी गोणपाटाची पिशवी. आजोबांची घडीची व्हीलचेअर असेल तर तीही. तिसरी रांग उभी ठेवून हे सगळं भरा. स्कॉर्पिओ-एनसारख्या गाडीत सातही जागा वापरात असताना मागे फार थोडी जागा उरते. हायक्रॉसमध्ये त्या मानाने बरी उरते. लिटरमधल्या आकड्यांवर विसंबू नका. ते मोजमाप कधी खिडकीपर्यंतचं असतं, कधी छतापर्यंतचं. बॅगा छतावर जाणार असतील तर कॅरिअरचा खर्च आणि पार्किंगची उंची आत्ताच हिशेबात धरा.

तिसरी रांग दुमडून बघा, तीही घरातल्या सर्वांत कमी ताकदीच्या माणसाच्या हातून. फॉर्च्युनरच्या मागच्या सीट दुमडून दोन्ही बाजूंना वर लटकतात, त्यामुळे डिकीची रुंदी खातात. काही गाड्यांत सीट सपाट झोपते, काहींत पुढे कलंडून उभी राहते. स्टेपनी कुठे आहे, ती बाकीच्या चाकांएवढीच आहे की लहान, जॅक कुठे ठेवलाय, हेही पाहून घ्या. भरलेल्या गाडीत पंक्चर झालं तर जॅक काढायला आधी सगळ्या बॅगा रस्त्यावर उतरवाव्या लागतील का?

आता माणसं बसवा. सुरुवात सर्वांत वयस्कर माणसापासून. आई किंवा आजी साडी नेसून आल्या असतील तर फार बरं, कारण एरवीही त्या तशाच बसणार आहेत. पाय किती उचलावा लागतो, धरायला हँडल कुठे आहे, बाजूची पायरी पाऊल मावण्याइतकी रुंद आहे की नुसती शोभेची, साडीचा काठ तिला घासतो का, हे बघा. चढताना मदत करू नका. उतरतानाही नाही. गुडघे दुखणाऱ्याला चढण्यापेक्षा उतरणं अवघड जातं आणि शोरूममध्ये ते कुणी तपासत नाही.

तिसऱ्या रांगेचा क्रम असा ठेवा:

- मधल्या रांगेत नेहमीची माणसं आरामात बसलेली असताना मागच्याने आत शिरावं. आधी मागचा बसवून मग मधली सीट त्याच्या सोयीने पुढे ओढायची, ही फसवी पद्धत आहे.
- मधली सीट एका हाताने, एका खटक्यात पुढे कलंडते का? दोन्ही बाजूंची की फक्त डावीकडची? गाडीच्या सीटमधल्या खुंट्यांना अडकवायचं मुलाचं आयसोफिक्स सीट लावलेलं असताना ती कलंडते का?
- मागे बसल्यावर मांड्या सीटला टेकतात की गुडघे छातीशी येतात? गाडीचा तळ उंच आणि सीट बुटकी असेल तर तासाभरात कंबर धरते.
- डोकं छताला किंवा मागच्या काचेला लागतं का? बेल्ट गळ्यावर येतो की खांद्यावर?
- एसीचे झरोके, पंख्याचा वेगळा कंट्रोल, चार्जिंगची सोय, बाटली ठेवायला जागा.

तिथे त्या माणसाला दहा मिनिटं बसू द्या. एका मिनिटात सगळ्याच गाड्या बऱ्या वाटतात.

तपासा: यादीतलं कोणीही ठरवलेल्या जागी बसू शकत नसेल तर ती गाडी इथेच बाद करा. चालवून बघू नका. चालवली की मोह होतो.

## टप्पा ५: पहिली फेरी प्रवासी म्हणून

पहिली फेरी सेल्समनला किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाला चालवू द्या. जो गाडी घेणार त्याने तिसऱ्या रांगेत बसावं. म्युझिक बंद, सेल्समनला नम्रपणे गप्प राहायला सांगा, एसी तिन्ही गाड्यांत सारख्याच आकड्यावर ठेवा.

ज्याला गाडी लागते, त्याला मागे बसवा. मुलगा असो की वहिनी, घाटात ज्यांना पिशवी लागते तेच खरे परीक्षक. मागच्या रांगेतली खिडकी लहान असली आणि बाहेरचं दिसत नसलं तर मळमळ लवकर सुरू होते.

ऐकायचं काय? खड्ड्यावरून जाताना मागच्या चाकांचा धप्प आवाज, प्लास्टिकची खडखड, टायरचा घरघराट. पुढच्या आणि मागच्या माणसांनी नेहमीच्या आवाजात बोलून बघावं. ओरडावं लागत असेल तर चार तासांच्या प्रवासात मागचे लोक वेगळे पडतात.

दुपारच्या उन्हात अर्धा तास उभी असलेली गाडी मिळाली तर उत्तम. मागे गारवा पोचायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. छतावर काच असलेल्या गाड्यांत हे जरूर करा.

## टप्पा ६: दुसरी फेरी, आता स्टिअरिंगवर

तिन्ही गाड्या एकाच रस्त्यावर, तितक्याच माणसांनिशी आणि ‘नॉर्मल’ मोडमध्येच चालवायच्या. सेल्समन हळूच ‘स्पोर्ट’ लावून देतो, त्याकडे लक्ष ठेवा. शक्य असेल तर तिन्ही एकाच दिवशी किंवा लागोपाठच्या दिवशी घ्या. सर्वांत महागडी गाडी शेवटी ठेवा, नाहीतर बाकीच्या दोन उगाच खुज्या वाटतात.

रस्ता तुमच्या रोजच्या आयुष्यातला निवडा आणि त्यात पाच गोष्टी येतील असं बघा: गल्ली, खड्डे आणि गतिरोधक, ट्रॅफिक, हायवेचा तुकडा आणि चढ. पुण्यात दक्षिणेकडे राहणाऱ्याला कात्रजचा जुना घाट आणि बायपास एका फेरीत मिळतो. हडपसर-सासवडकडच्यांना दिवे घाट, ठाण्यात घोडबंदर रोडवरचा गायमुख घाट, साताऱ्यात यवतेश्वर, कोल्हापुरात जोतिबा, छत्रपती संभाजीनगरात दौलताबाद-खुलताबादचा चढ. सपाट शहरात राहणाऱ्याने उंच उड्डाणपुलाचा चढ घ्यावा. तो घाटाची बरोबरी करणार नाही, पण चढावर थांबून पुन्हा निघता येतं.

गल्लीत: आपल्याच सोसायटीत गाडी आणा आणि आपल्याच जागेत रिव्हर्स लावून बघा. मागे माणसं बसलेली आणि हेडरेस्ट वर असताना आतल्या आरशात काय दिसतं? बहुधा काहीच नाही. कॅमेऱ्यावर चिखल बसला की पावसाळ्यात बाजूचे आरसेच उरतात. उताराच्या रॅम्पवर भरलेल्या गाडीचं पोट घासतंय का, तेही इथेच कळतं. रिकामी गाडी घासत नाही.

खड्ड्यांत: ताशी २०-३०च्या वेगात पेव्हर ब्लॉक, गतिरोधक आणि डांबर उखडलेला पट्टा घ्या. भरल्यावर काही गाड्या मऊ होतात, काही मागून बसतात आणि गतिरोधकावर शेवटचा धक्का जोरात देतात. मागच्यांना विचारा, स्वतः ठरवू नका.

ट्रॅफिकमध्ये: ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक सोडल्यावर गाडी सावकाश सरकते की झटका देते? दोन क्लचची ऑटोमॅटिक असेल तर चढावरच्या गर्दीत ती पुन्हापुन्हा सरकवून बघा, तापल्याची सूचना किंवा थरथर जाणवते का. मॅन्युअल असेल तर डाव्या पायाचा विचार करा. जड क्लच दहा मिनिटांत जाणवत नाही, पुण्याच्या चांदणी चौकासारख्या कोंडीत जाणवतो.

हायवेवर: ४० वरून ८० वर जाताना पाय दाबल्यापासून गाडी उचलेपर्यंतची उसंत बघा. भरलेल्या टर्बो गाडीत ही उसंत वाढते आणि दुपदरी रस्त्यावर एसटीला ओव्हरटेक करताना तीच महत्त्वाची असते. एकट्याने चालवून या उसंतीचा अंदाज येत नाही. ८० वर लेन बदलताना गाडी एकदाच कलून सावरते की डोलत राहते, तेही बघा.

ब्रेक: मागे-पुढे कुणी नसेल अशी जागा बघून, आतल्या सगळ्यांना सांगून आणि बेल्ट लावून, ६० च्या वेगातून जोरात ब्रेक दाबा. गाडी सरळ थांबली पाहिजे, पेडल गच्च वाटलं पाहिजे. भरलेल्या गाडीला थांबायला जास्त अंतर लागतं. ते किती, हे पायाला एकदा कळू द्या.

सावध: आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा दुसऱ्या गाडीवर किंवा माणसावर चाचपून बघायची नाही, सेल्समनने आग्रह केला तरीही. ती दुचाकींच्या गर्दीत विनाकारण दचकते का आणि बंद कशी करायची, एवढंच पाहा.

## टप्पा ७: घाट

मोठ्या गाडीची खरी परीक्षा घाटातच होते, म्हणून इथे घाई नको.

चढताना मध्ये, सुरक्षित जागी थांबा. ब्रेक सोडा. चढावर गाडी मागे न सरकू देणारी सोय काही क्षणच गाडी धरून ठेवते. भरलेल्या गाडीत तेवढ्या वेळात पाय ॲक्सिलरेटरवर जाऊन गाडी सुटते का, हे दोन-तीनदा करा. घरात गाडी चालवणारी दोन माणसं असतील तर दोघांनीही.

वळणावर मधल्या रांगेतल्यांना हँडल धरावं लागतंय का? उंच गाडी थोडी कलणारच, पण ती सावकाश आणि अंदाजात कलली पाहिजे.

उतरताना गिअर खाली ओढून इंजिनाच्या ब्रेकवर उतरा. ऑटोमॅटिकमध्ये हे कसं करायचं, ते सेल्समनकडून आधीच शिकून घ्या. गिअर खाली घेतल्यावर गाडी स्वतःहून तो वर टाकत असेल तर उतारभर पाय ब्रेकवर राहणार आणि ब्रेक तापणार. खाली पोचल्यावर खिडकी उघडून वास घ्या.

विक्रेता घाटापर्यंत येऊ देत नसेल तर दुसरा मार्ग आहे. ज्या गाड्या टॅक्सीत चालतात त्या चालकासह एका दिवसासाठी भाड्याने घ्या आणि घरच्यांना घेऊन एखादी सहल करा. बाकीच्या अनेक गाड्या स्वतः चालवायला भाड्याने मिळतात. दोन दिवसांचं भाडं वीस लाखांपुढे काहीच नाही आणि मागच्या रांगेचं इतकं खरं उत्तर दुसरीकडे मिळत नाही.

## टप्पा ८: अंधार पडल्यावर पुन्हा

दोन गाड्या उरल्या की संध्याकाळी साडेसातनंतर छोटी फेरी मागा. हेडलाइटचा झोत, वळणाच्या आतली बाजू, समोरून प्रखर दिवे आल्यावर काचेवर पडणारी चमक, डॅशबोर्डच्या स्क्रीनचा डोळ्यांना होणारा त्रास. दिवे नसलेल्या रस्त्यावरच हे कळतं. पावसाळा असेल तर वायपरचा आवाका आणि काचेवरची वाफ जायला लागणारा वेळही बघा. ही फेरी पंधरा मिनिटांत होते, तरी टाळली जाते.

## टप्पा ९: नोंदी, गुण आणि नकाराचा हक्क

गाडीतून उतरल्यावर चहाला बसण्याआधी प्रत्येकाने आपापलं मत वेगळं लिहावं किंवा फोनवर बोलून ठेवावं. आधी चर्चा झाली की घरातला सर्वांत उत्साही माणूस जिंकतो आणि आई म्हणते, “मला काय, चालेल कुठलीही.” तिला चालत नसतं. ती तुमचा विरस करू इच्छित नसते, एवढंच.

गुणांची बेरीज करू नका. बेरजेत दहापैकी दहा पिकअप आणि दहापैकी तीन तिसरी रांग मिळून गाडी पास होते. त्याऐवजी प्रत्येकाला एक नकार द्या. आजोबा चढता येत नाही म्हणाले, तर गाडी बाद. दुसरा चालक म्हणाला की रिव्हर्स लावताना धीर होत नाही, तरी बाद. उरलेल्यांत मग आवडीनिवडी, रंग, स्क्रीन, साउंड बघा.

गाडीच्या स्क्रीनवरच्या ॲव्हरेजची नोंद करू नका. डेमो गाडी दिवसभर एसी लावून उभी असते नाहीतर छोट्या फेऱ्या मारते, तो आकडा कुणाचाच नसतो.

## टप्पा १०: कोटेशन एका मापात आणा

दोन गाड्यांची तुलना एक्स-शोरूम किमतीवर करू नका आणि ऑन-रोडच्या एका गोळाबेरीज आकड्यावरही नको. प्रत्येक ओळ वेगळी लिहून मागा: एक्स-शोरूम, रोड टॅक्स आणि पासिंग, विमा, फास्टॅग, टीसीएस (विक्रेत्याने आपल्याकडून घेऊन सरकारकडे भरायचा कर), वाढीव वॉरंटी, ॲक्सेसरीज आणि ‘हँडलिंग’ किंवा तत्सम नावाची रक्कम.

महाराष्ट्रात वैयक्तिक गाडीचा रोड टॅक्स किंमत आणि इंधनावर ठरतो. दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के, डिझेलला १४ टक्के. अठरा लाखांच्या गाडीत हा फरक ३६ हजारांचा होतो. कंपनीच्या नावावर गाडी घेतली तर दर २० टक्क्यांवर जातो. व्यावसायिकांनी सीएशी बोलूनच नाव ठरवावं. दहा लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस घेतात. तो आयकर विवरणपत्रात आपल्या खात्यावर दिसतो आणि वळता करून घेता येतो, म्हणून त्याला खर्च समजू नका आणि पावती जपून ठेवा.

विमा विक्रेत्याकडूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरून तेवढ्याच कव्हरचं कोटेशन आणून समोर ठेवा. हँडलिंगची ओळ काढून टाकायला सांगा. गाडी शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च किमतीत धरलेलाच असतो.

किमतींचे जुने व्हिडिओ आणि लेख बघत असाल तर २२ सप्टेंबर २०२५ ही तारीख लक्षात ठेवा. त्या दिवशी जीएसटीचे दर बदलले. मोठ्या एसयूव्हीवर आधी जीएसटी आणि सेस मिळून ५० टक्के होत होते, ते ४० झाले. त्याआधीच्या किमतींशी केलेली तुलना चुकीची ठरते.

सावध: “ही ऑफर आजच संपते” असं ऐकू आलं की घरी जा. टेस्ट ड्राइव्हच्या दिवशी बुकिंग करायचं नाही, हे घरातून निघतानाच ठरवा.

## टप्पा ११: बुकिंगची पावती आणि आपल्या गाडीची पहिली भेट

पावतीवर इंजिन, गिअरबॉक्स, व्हेरिएंट, आसनसंख्या, रंग आणि निर्मितीचं वर्ष लिहून घ्या. जानेवारी-फेब्रुवारीत घेत असाल तर आधीच्या वर्षाची गाडी हाती येऊ शकते. हरकत नाही, पण ती सवलत देऊन यावी. बुकिंग रद्द केल्यास किती रक्कम परत मिळणार आणि दर वाढला तर कोणता लागू होणार, हे तोंडी नको.

गाडी यार्डात आली की पासिंगच्या आधी बघायला जा. एकदा आपल्या नावावर नोंदली गेली की ती नाकारणं फार कठीण होतं. दिवसाच्या उजेडात, धुतलेली गाडी बघा. चासी नंबर कागदाशी जुळवा. टायरवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, पाचही टायरचे वाचा. काचांवरचे शिक्के एकाच मालिकेतले आहेत ना, रंगात कुठे तफावत आहे का, किलोमीटर किती झालेत, हे बघून घ्या.

मग डेमोमध्ये केलं तेच इथे पुन्हा करा. मधली सीट कलंडवा, मागे शिरा, दोन्ही बेल्ट ओढून लावा, एसीचे मागचे झरोके चालू करा, तिसरी रांग दुमडा आणि उभी करा, स्टेपनी आणि जॅक डोळ्यांनी बघा. काही राहिलं असेल तर शोरूमकडून लेखी घ्या आणि ते दुरुस्त झाल्यावरच पासिंगला होकार द्या.